फ्लीसचं ब्लँकेट धुतल्यावर राठ का होतं?

उशीखालची_चिठ्ठी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज ब्लँकेटमुळे लिहायची वेळ आली.

घरात दोन ब्लँकेटं आहेत. एक साधं दोन्हीकडून सारखं फ्लीस, दुसरं एका बाजूला साधं आणि दुसऱ्या बाजूला ते मेंढीच्या केसांसारखं कुरळं असतं ना, शेर्पा म्हणतात ते. आणली तेव्हा हात फिरवत बसावं इतकी मऊ होती. आता साधं ब्लँकेट अंगाला टोचत नाही पण राठ लागतं आणि वरून जड वाटतं, आणि शेर्पावाल्याच्या कुरळ्या बाजूचे झुपके झालेत, मध्ये मध्ये बारीक कडक टोकं लागतात.

धुते कशी ते सांगते म्हणजे प्रश्न विचारत बसायला नको. फ्रंट लोड मशीन, पावडर, सॉफ्टनर झाकणभर, कोमट पाणी, आणि पावसाळ्यात वाळत नाही म्हणून ड्रायर. वरून एक फ्लीसचं जॅकेट आहे त्याला काखेत आणि कोपरावर गोळे आलेत. घरच्यांचं मत "जुनं झालं, टाक". पण कापड कुठेच विरलेलं नाही, रंगही गेलेला नाही, मग जुनं कसलं झालं? हे परत मऊ होतं का, आणि होत नसेल तर पुढच्या वेळी काय टाळू?

धोबीपछाड

पहिला संशयित सॉफ्टनर. दुसरा ड्रायर. दोघांनाही आजपासून घराबाहेर काढा, बाकी चौकशी सावकाश.

नीलमोहर

सॉफ्टनर?? मी तर मऊ राहावं म्हणूनच घालते. उलट नाही घातला तर स्वेटशर्ट काढताना केस उभे राहतात आणि चटचट आवाज येतो.

कापूसकोंड्या

आमच्याकडे तर कुणी दाराच्या कडीला हात लावायलाच तयार नसतं थंडीत. त्या ब्लँकेटवर मोबाईल चार्ज होईल एवढी वीज आहे. कृपया हलके घ्या.

सुईदोरा

कापडाच्या कामात बरीच वर्षं गेली म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

फ्लीस म्हणजे बहुतेक वेळा शंभर टक्के पॉलिस्टर. बाटल्यांचं जे पीईटी प्लॅस्टिक, रसायन म्हणून तेच. आधी ते विणतात (मागावरचं उभं आडवं कापड नाही, बनियनसारखं फासाफासांचं निटिंग), मग तारेच्या बारीक दातांच्या रोलरवरून फिरवतात, त्यामुळे फास ओढले जाऊन केस वर येतात, आणि मग वरून कापून सगळी लव एका उंचीची करतात. ऊब पॉलिस्टरची नसतेच, त्या उभ्या लवेत अडकलेल्या हवेची असते. आणि मऊपणाही त्याच लवेच्या टोकांचा. म्हणजे लव आडवी झाली, चिकटली किंवा तिच्यावर काही बसलं की ऊबही गेली आणि मऊपणाही.

आता राठपणा दोन प्रकारचा असतो आणि हा फरक कुणी सांगत नाही. एक बसलेला. पावडर गार पाण्यात पूर्ण विरघळत नाही, जड पाण्यातले क्षार असतात, त्यावर सॉफ्टनरचा थर. सॉफ्टनर म्हणजे धाग्यावर चिकटून राहणारा मेणचट लेप, धुऊन निघून जावा म्हणून तो बनवलेलाच नाही. सुती टॉवेलवर तो काही दिवस बरा वाटतो, फ्लीसच्या बारीक केसांवर थरावर थर चढला की केस एकमेकांना चिकटतात. उशीखालची म्हणतेय ना जड वाटतं, ते हेच असावं. हा राठपणा निघतो.

दुसरा भाजलेला. पॉलिस्टर वितळतं साधारण २६० अंशाला, त्यामुळे लोकांना वाटतं ड्रायरने काय होणार. पण ते आतून सैल पडायला ७०-८० अंशाच्या आसपासच सुरुवात होते. त्या तापमानाला केस ज्या आकारात दाबला गेला त्याच आकारात गार होऊन बसतो. कडक इस्त्री केलेली टेरिलिनची पँट घडी सोडत नाही त्यामागे हेच कारण. जास्त हीटवर ड्रायर लावला की शेर्पाचे झुपके तसेच्या तसे पक्के होतात, आणि जिथे ड्रमचा तापलेला पत्रा घासतो तिथे टोकं कडक होतात. हा पूर्ण निघत नाही. थोडा सुधारतो.

थोडक्यात: साधं ब्लँकेट बहुतेक वाचेल, शेर्पाचं अर्धंमुर्धं.

धोबीपछाड

मी एका ओळीत हेच म्हणालो होतो, फक्त मला २६० माहीत नव्हतं.

नीलमोहर

@सुईदोरा, पटलं. पण मग केस उभे राहतात त्याचं काय?

रसायनचूर्ण

पॉलिस्टर पाणी धरतच नाही, स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्क्याहूनही कमी. कापूस सात-आठ टक्के धरतो. ओलावा नाही म्हणून घर्षणाने आलेला चार्ज निसटून जायला वाट नाही, म्हणून चटचट. हवा कोरडी असेल तर आणखी. ड्रायरमधून पूर्ण खडखडीत होण्याआधी किंचित दमट असतानाच काढून दोरीवर टाकलं की निम्मा त्रास कमी. आणि आत सुती कपडा घाला, फ्लीसवर फ्लीस चढवू नका.

सॉफ्टनरबद्दल एक गंभीर गोष्ट. बऱ्याच सॉफ्टनरच्या बाटल्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की लव असलेल्या कापडावर (फ्लीस, टॉवेल, मखमलीसारखं वेलूर) वापरल्यास आग लवकर पकडू शकतं आणि लहान मुलांच्या आग-रोधक कपड्यांवर वापरू नये. ते अक्षर वाचायला भिंग लागतं म्हणून इथे मोठ्याने सांगतोय.

आळशी_अजगर

मुळात धुताच कशाला? मी जॅकेट हंगामात एकदा धुतो. मस्त मऊ आहे.

बोक्याची_आई

शेजारी बसणाऱ्यांना विचारलंत का कधी :)

आळशी_अजगर

शेजारी कुणी बसत नाही, त्यामुळे जागा ऐसपैस मिळते. दोन्ही बाजूंनी फायदा.

रसायनचूर्ण

अजगराचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं नाकावर रुमाल. फ्लीस लवकर मळत नाही, बाहेरून घालायचं जॅकेट दर वेळी धुवायची गरज नसते, झटकून हवेवर टांगलं तरी भागतं. पण पॉलिस्टरला पाणी आवडत नाही तेवढंच तेल आवडतं, म्हणजे अंगाचं तेल ते धरून ठेवतं आणि मग वास. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात २०१४ साली व्यायामानंतरचे टीशर्ट तपासले होते, त्यात सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या कपड्यांना जास्त वाईट वास येत होता आणि मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू पॉलिस्टरवर चांगलेच पोसले होते. तेव्हा अंगालगत घालायचं पातळ फ्लीस असेल तर घाम आला की धुवा. वरून घालायचं असेल तर मानेला काळपट झाक दिसेपर्यंत थांबा.

चढउतार

डोंगरात फिरणाऱ्यांच्या बाजूने चार गोष्टी, कारण फ्लीस ही आमची दुसरी कातडी.

धुण्याआधी सगळ्या चेन लावायच्या, वेल्क्रो बंद करायचं आणि उलटं करून टाकायचं. उघडं वेल्क्रो मशीनमध्ये फ्लीसची जी अवस्था करतं ती बघवत नाही, शेजारच्या कपड्याची लव उपटून स्वतःला चिकटवून घेतं. टॉवेल, सुती चादर याच्याबरोबर टाकायचं नाही, त्यांचा भुसा लवेत बसतो तो पुढच्या थंडीपर्यंत निघत नाही. पाणी गार नाहीतर ३० अंश. लिक्विड डिटर्जंट, आणि लिहिलेल्या मापाच्या निम्मं. सॉफ्टनर तर नाहीच, कारण घाम बाहेर खेचून वाळवणं हे फ्लीसचं निम्मं काम आणि लेप चढला की तेच बंद पडतं.

शेकोटीपासून लांब. एक ठिणगी उडाली की गोल भोक, कडा कडक. ते शिवूनही वाईट दिसतं.

जाता जाता, हे कापड फार जुनं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावात माल्डन मिल्स म्हणून गिरणी होती, तिथे १९७९ च्या सुमारास हे आलं, पुढे पोलारटेक नावाने प्रसिद्ध झालं. १९९५ च्या डिसेंबरात ती गिरणी जळाली तर मालक ॲरन फ्युअरस्टीनने काम बंद असतानाही कामगारांना कित्येक आठवडे पगार दिला. आणि १९९३ पासून पॅटागोनिया कंपनी जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून फ्लीस बनवायला लागली. म्हणजे तुम्ही आम्ही बाटली पांघरून झोपतो.

कापूसकोंड्या

आता रात्री कूस बदलताना बाटली चुरगळल्याचा आवाज येणार मला.

टिंबटिंब

बाटलीचा विषय निघालाच आहे तर. दर धुण्याला फ्लीसमधून प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून नदी समुद्रात जातात. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ मध्ये मोजलं होतं, सहा किलोच्या एका धुण्यातून पॉलिस्टरचे जवळजवळ पाच लाख आणि ॲक्रिलिकचे सात लाखांवर तंतू निघू शकतात असा हिशोब होता. म्हणून मऊ कसं करू याच्या आधी कमी कसं धुवू हा प्रश्न यायला हवा. आळशी अजगर नकळत पर्यावरणवादी आहेत.

आळशी_अजगर

नकळत काय म्हणून? मी तत्त्वाने आळशी आहे.

नीलमोहर

म्हणूनच मी सगळं डेलिकेट मोडवर धुते, नाजूक धुणं म्हणजे तंतू कमी सुटणार.

टिंबटिंब

नाही हो, तिथेच गंमत आहे. न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात उलटं निघालं. डेलिकेट मोडमध्ये मशीन जास्त पाणी घेतं, आणि कपड्याच्या मानाने पाणी जास्त झालं की तंतू जास्त सुटतात. नेहमीच्या मोडपेक्षा सरासरी आठ लाख जास्त! ड्रम किती वेळा उलटसुलट फिरतो त्यापेक्षा पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं ठरलं.

नीलमोहर

आता मात्र डोकं फिरलं. लेबलवर टबाखाली एक रेघ आहे, म्हणजे हळुवार धुवा असंच ना?

सुईदोरा

हो, एक रेघ म्हणजे हळुवार, दोन म्हणजे फारच हळुवार, टबातला आकडा म्हणजे जास्तीत जास्त तापमान. चौकोनात गोल म्हणजे ड्रायर आणि गोलातला एक ठिपका म्हणजे कमी हीट. इस्त्रीवर फुली असेल तर ती फुली खरी माना.

पण टिंबटिंब यांचं म्हणणंही खोटं नाही, दोन्ही जुळवता येतं. एकटं जॅकेट डेलिकेटवर भरपूर पाण्यात पोहायला सोडू नका. फ्लीसचे आणि तत्सम कपडे साठवून ड्रम बऱ्यापैकी भरा (कोंबून नव्हे, वर हात जाईल एवढी जागा ठेवून), गार पाणी, छोटं सायकल. भरलेल्या ड्रममध्ये पाणी आपोआप बेताचं राहतं. मोठं ब्लँकेट एकटंच ड्रम भरतं, त्याला सोबत नकोच. लेबलवर रेघ असेल तर रेघ पाळा, पण मग एका कपड्यासाठी मशीन लावू नका.

टिंबटिंब

मान्य. त्यात जाळीदार पिशव्या मिळतात तंतू अडवणाऱ्या, त्यातला भुसा नळाखाली धुवायचा नाही, सुका करून कचऱ्यात. नळाखाली धुतला तर पिशवी कशाला घेतली? आणि मशीनचा फिल्टर साफ करताना हाच नियम.

काथ्याकूट

टॉप लोडवाल्यांचं काय? आमच्या मशीनमध्ये मोठं ब्लँकेट वर तरंगतं, खाली पाणी, वर फुगा. मग स्पिनला मशीन घरभर चालत निघतं.

धोबीपछाड

आधी टबात पाणी भरू द्या, मग ब्लँकेट थोडं थोडं दाबून बुडवा, मधल्या खांबाभोवती गुंडाळू नका, कडेकडेने सैल ठेवा. स्पिनच्या आधी थांबवून दोन्ही बाजूंना सारखं पसरा. तरी चालत निघालं तर मशीनच लहान आहे, बादलीत धुवा. फ्लीस पाण्यात जड होतं पण पाणी धागा पीत नाही, ते फक्त लवेत अडकलेलं असतं, त्यामुळे दोरीवर टाकून पाच मिनिटं निथळू दिलं तर पिळायची गरजच नाही. पिळलं की लव मोडते.

नवखा_पाहुणा

६० डिग्रीवर धुवायचंच नाही का मग? घरात धुळीची ॲलर्जी आहे, डॉक्टर म्हणाले अंथरूण पांघरूण गरम पाण्यात धुवा.

रसायनचूर्ण

धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) मारायला ६० अंशच लागतात, तीसला ते मरत नाहीत, ॲलर्जी करणारा कचरा मात्र बराच वाहून जातो. लेबल बघा, काही ब्लँकेटांना ६० चालतं असं लिहिलेलं असतं. नसेल तर कोरडं ब्लँकेट पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला एक-दोन दिवस ठेवा, माइट मरतात, मग गार पाण्यात धुऊन मेलेले काढा. नुसतं गोठवून पांघरायचं नाही. आणि खरं सांगू, घरात दमा ॲलर्जी असेल तर लांब लवेचं शेर्पा घेऊच नका, ६० ला बिनघोर धुता येईल अशी साधी सुती चादर आणि वर पातळ ब्लँकेट बरं.

बोक्याची_आई

आमचा बोका रोज शेर्पावरच झोपतो. केस धुऊन जातील म्हणून तसंच मशीनमध्ये टाकू नका, पाण्यात केसांचे दोर वळतात आणि आणखी घट्ट बसतात, वर मशीनची जाळी तुंबते. आधी कोरडं असतानाच रबरी हातमोजा घालून एकाच दिशेने ओढत जायचं, केसांच्या गुंडाळ्या होऊन वर येतात. मग झटकायचं, मग धुणं.

काथ्याकूट

शेवटचं पाणी काढताना व्हिनेगर घाला, सगळ्यावर रामबाण.

रसायनचूर्ण

रामबाण नाही. क्षार आणि साबणाचा अंश काढायला पांढरं व्हिनेगर अधूनमधून अर्धी वाटी ठीक आहे. दर धुण्याला घातलंत तर मशीनच्या रबराला त्रास. आणि क्लोरीनवाल्या ब्लीचबरोबर कधीही, चुकूनही नाही, विषारी वायू तयार होतो.

काथ्याकूट

बरं बाबा, लहानसा बाण.

सुईदोरा

आता मूळ प्रश्नाकडे, नाहीतर उशीखालची पळून जाईल.

साधं ब्लँकेट: एकदा डिटर्जंट अजिबात न घालता ४० अंशावर फिरव (लेबल परवानगी देत असेल तर), आणि काचेतून बघ. फेस दिसला तर तो तुझ्या आधीच्या धुण्यांचा आहे. फेस थांबेपर्यंत नुसत्या पाण्यात विसळत राहा. मग सावलीत दोन दोऱ्यांवर पसरून, वाळत असताना मध्ये एकदोनदा झटकायचं.

शेर्पा: दमट असताना मऊ तारेचा, कुत्र्यामांजरांचा असतो तसा ब्रश, अगदी हलक्या हाताने, सगळ्या दिशांनी. जोर लावलास तर केस उपटतील. कडक टोकं झाली असतील ती मऊ होणार नाहीत, फार टोचत असतील तर कात्रीने वरच्यावर छाट.

जॅकेटचे गोळे: पॉलिस्टर चिवट म्हणून गोळे येतात. सुती कापडाचे गोळे तुटून पडतात, याचे धरूनच बसतात. गोळे काढायचं छोटं यंत्र मिळतं ते फिरव, कापड सपाट ताणून, हाताने ओढू नकोस, एक गोळा ओढला की शेजारचे चार केस बाहेर येतात आणि पुढचा गोळा तयार.

उशीखालची_चिठ्ठी

सगळ्यांना धन्यवाद, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. नुसत्या पाण्यात लावलं आणि काय सांगू, काचेपलीकडे फेसच फेस! दोन तीनदा विसळल्यावर थांबला. वाळल्यावर साधं ब्लँकेट अगदी नव्यासारखं नाही पण मऊ आहे आणि हलकं झालंय. शेर्पाचे झुपके ब्रशने सुटले, कडेला जिथे कडक झालं होतं तिथे तसंच आहे, सुईदोरा म्हणाल्या तसं. यंत्र अजून आणलेलं नाही.

आता एक उपप्रश्न. हंगाम संपला की ठेवायचं कसं? डांबरगोळ्या? आणि ती हवा काढून चपटी करायची पिशवी?

चढउतार

डांबरगोळ्या नकोत. कसर लोकरीतली प्रथिनं खाते, पॉलिस्टरमध्ये तिला खायला काही नाही, उगाच वास मात्र पुढची थंडीभर. पण धुऊन पूर्ण वाळवूनच ठेवा, मळ आणि घामाच्या डागांवर बुरशी येते.

सुईदोरा

चपटी पिशवी साध्या पातळ फ्लीसला चालेल, शेर्पाला नको, महिनोन् महिने दाबलेली लव परत पूर्ण उठत नाही. सैल घडी करून सुती पिशवीत, आणि वर गाद्या रचू नका.

नीलमोहर

आणि लोकरीचं ब्लँकेट असेल तर? हेच सगळं लागू?

रसायनचूर्ण

जवळजवळ काहीच नाही. लोकर मशीनमध्ये घासली की आटते, एन्झाइमवाला डिटर्जंट लोकरीची प्रथिनंच खातो, कसर लागते, आणि दोरीवर टांगली तर ताणते. तुमच्या लोकरीच्या लेबलवर टबात हात दाखवलाय का (म्हणजे हाताने धुवा), की टबावर फुलीच आहे (म्हणजे घरी धुऊच नका), ते आधी बघा आणि चर्चेचा नवा धागा काढा, इथे मिसळलं तर उद्या कुणीतरी फ्लीसला डांबरगोळ्या लावून ठेवेल.

नीलमोहर

टबात हात आहे. काढते धागा.